तिसरा शनिवार, दुपारी एक

विश्रामबागेत, हॉटेल मधुरंजनच्या वरच्या मजल्यावर
महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी आम्ही जेवतो.
आम्ही म्हणजे करारवाले.
कुपवाडच्या फाउंड्रीतले, साखर कारखान्यांतले,
पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले दोघे,
आणि महापालिकेच्या सुनेत्रा लठ्ठे, ज्यांच्या पर्समध्ये
एक निविदा आणि एक भडंगाची पुडी कायम असते.

आधी सूप. मग कुणीतरी उठून
दोषदायित्व कालावधीवर वीस मिनिटं बोलतं.
पापड सादळतात.

इथं स्वल्पविरामावरून वाद होतात.
एका 'किंवा'पायी अरिंजय चौगुल्यांचा बंधारा
तीन वर्षं लवादात पडून राहिला.
गुलाबजाम मोडताना ते अजून पुटपुटतात: किंवा.

महापुरानंतरच्या सभेचा विषय होता
दैवी आपत्तीचं कलम.
वक्ते उभे राहिले, म्हणाले,
माझ्या कपाटावर चिखलाची एक रेघ आहे,
तिच्या खालचं काहीच वाचता येत नाही,
आणि बसले.
त्या दिवशी भात दोनदा मागवावा लागला.

पण सांगायचं ते वेगळंच.
चौदा वर्षं आम्ही इथं जेवतोय
आणि हॉटेलशी आमचा करार नाही.
चिठोरासुद्धा नाही.
भूपाल मगदूमसर आणि मालक धोंडीरामशेठ
एकदा जिन्यात उभे राहून बोलले, तेवढंच:
पंचवीस ताटं. माणसं कमी आली तरी पैसे पंचविसांचे.
त्यातलं एक बिनकांद्यालसणाचं, बटाटा नको,
सरांसाठी.
'शब्द,' म्हणाले शेठ.
'शब्द,' म्हणाले सर,
ज्यांनी आम्हा सगळ्यांना शिकवलं होतं
की शब्दावर फार तर लग्न ठरवावं,
तेही जपून.

सर फेब्रुवारीत गेले.
मार्चात ताट आलं.
पोऱ्या ते हातात धरून विचारत राहिला,
बिनकांद्याचं कुणाचं?
एप्रिलातही आलं.
रद्द करायचं तर कुणी, कुणाला,
किती दिवसांची नोटीस देऊन?
सांगणारा नाही. ऐकणारे शेठ
आता घरी झोपाळ्यावर, गल्ल्यावर मुलगा.

मुलगा शिकलेला. म्हणाला,
मॅडम, लेखी काहीतरी करून घेऊ या.
मी संघटनेची सचिव, रेहाना शिकलगार,
मिरजेहून दुचाकीवर येते,
मला काय, बरंच वाटलं.
समिती नेमली. चार बैठका, एकोणीस पानं.
'यापुढे ज्यास ताट असे संबोधले जाईल.'
वाटीचं माप. गॅस संपल्यास जबाबदारी.
ताक पातळ निघाल्यास दंड
(हे लठ्ठेबाईंनी घालायला लावलं,
आणि त्या हसत नव्हत्या).

कलम सतरा मी मोठ्यानं वाचलं:
विशेष ताटे, निरंक.

थांबा, चौगुले म्हणाले.
चमचा खाली ठेवला.
लिहा, एक.

कुणासाठी? नाव लागेल ना व्याख्येत.

पंख्याला एक खडखड आहे,
ती चौदा वर्षांत मी पहिल्यांदा नीट ऐकली.

'मगदूम,' ते म्हणाले. 'किंवा'

आणि पुढं काही बोललेच नाहीत.
मी तसंच टाइप केलं,
किंवापुढे दीड ओळ कोरी सोडून.

हे कलम कुठल्याच न्यायालयात टिकणार नाही.
त्या टेबलावर हे सगळ्यांना कळत होतं,
सही मात्र सगळ्यांनी केली.
मुलानंही केली, कोऱ्या जागेवर
क्षणभर बोट ठेवून.

आज अकरा जण आलो. ताटं पंचवीस.
पोऱ्या आला, बिनकांद्याचं कुणाचं?

मी हात वर केला.

दुधीची भाजी, मुगाची उसळ, दोन फुलके.
मीठ जरा कमी.